खडबडीत पाठीचा भेक ओळखा



मृगाच्या सरी पडल्या की संध्याकाळी ओट्यावरच्या दिव्याखाली एक जाडजूड, खडबडीत प्राणी येऊन बसतो. आपण त्यालाही बेडूकच म्हणतो. पुस्तकात त्याचे नाव भेक. मागच्या पावसाळ्यात एका गावी सभेला गेलो होतो, तर पोरांनी सहा-सात भेक दगडाने ठेचून बांधावर टाकलेले. का मारले, असे विचारले तर म्हणाले, "साहेब, त्याच्या अंगावर विषाचे फोड असतात. हात लागला की चामखीळ येते." यात थोडे खरे आहे, बरेचसे खोटे. तेव्हा आज त्याचे अंगच नीट बघू.

भेकाचा रंग एक ठरलेला नसतो. करडा, मातकट, पिवळसर, कधी तांबूस. ढेकळाशेजारी बसला तर ढेकूळच वाटतो, आणि त्यावरच तो शत्रूपासून वाचतो. पोट मळकट पांढरे. पाठभर लहानमोठ्या गाठी, त्यांतल्या बऱ्याच गाठींच्या टोकाला काळा, टणक ठिपका. खात्रीची खूण मात्र डोक्यावर. डोळ्यांच्या कडेने उंचवट्याची काळी रेघ जाते, जणू काजळच घातले आहे. बोटांची टोकेही काळी. विणीच्या दिवसांत नराचा गळा पिवळसर-नारिंगी होतो, तो काही रोग नव्हे.

पहिल्या पावसात डबक्यात पिवळेजर्द होऊन ओरडतात ते मात्र भेक नव्हेत. ते मोठ्या बेडकाचे नर. त्या बेडकाचे अंग ओलसर, हिरवट, पाठीवर लांबट घड्या, आणि उडी लांब. भेक कोरडा, आखूड पायांचा, टुणूक टुणूक जातो.

आता विषाचे. डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना घेवड्याच्या दाण्यासारख्या फुगीर गाठी असतात. भेकाला दाबले, कुत्र्याने तोंडात धरले, की त्यांतून दुधासारखा चीक येतो. कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो. अशा वेळी त्याचे तोंड पाण्याने धुवा आणि जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. भेक हाताळलाच तर हात धुवा, तसाच हात डोळ्याला लावू नका. बेडूक समजून कोणी भेक खाऊ नये, शिजवूनही हे विष जात नाही. पण तो अंगावर विष उडवत येत नाही. आणि चामखीळ विषाणूमुळे येते, भेकामुळे नाही. उचलल्यावर तो मुततो, ते भीतीने.

हा गडी रात्रभर वाळवी, मुंग्या, भुंगेरे, अळ्या टिपतो. दिव्याखाली येतो तो किड्यांसाठीच, तुमच्यासाठी नव्हे! दिवसा दगडाखाली, कुंडीच्या बुडाशी, गोठ्याच्या कोपऱ्यात पडून असतो. तिथे असू द्या.

भेक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या कातडीतून शोषून घेतो. म्हणूनच फवाऱ्याचे औषध पाण्यात उतरले की ते त्याच्या अंगात जाते. पावसाळ्यात बांधाकडेच्या डबक्यात काळ्या मण्यांच्या माळेसारखी लांब, बुळबुळीत दोरी दिसली तर ती भेकाची अंडी. पुढे त्यांतून काळी पिल्ले निघतात. अशा डबक्यात, पिल्लांना पाय फुटून ती बाहेर पडेपर्यंत, फवाऱ्याचा पंप धुऊ नका आणि औषधाचे रिकामे डबेही त्यात बुडवू नका.