हवेतले खत आणि आपले पाचट



शिमग्याला रत्नागिरी तालुक्यात बहिणीकडे जाऊन आलो. घर जयगडच्या बाजूस. समुद्राकाठची हवा म्हणजे स्वच्छ, अशी आपली घाटावरची समजूत. पण सकाळी पाहतो तो जिकडे तिकडे भाजावळ चाललेली. भाताच्या तरव्याच्या जागेवर कवळ, पातेरा, शेण पसरून पेटवतात, त्याचा धूर. वाटेत चिरेखाणींची तांबडी धूळ. आणि लांबवर जयगडच्या वीज प्रकल्पाचे धुराडे; चार संचांचा, १,२०० मेगावॅटचा, दगडी कोळशावर चालणारा.

मी म्हटले, "दाजी, या धुराड्यानं तुमची हवा बिघडवली." दाजी हसले. "साहेब, धुराडं आहेच. पण आम्ही तरवे भाजतो, तुम्ही घाटावर फड पेटवता, त्याचं काय?"

उत्तर सुचले नाही. परत आल्यावर या विषयावर वाचले, ते आपल्या भाषेत सांगतो.

हवेतला २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण तो बारीक कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड. चिरेखाणीची धूळ आणि समुद्राचे मीठ बहुतांशी जाड असते. नाकाघशात अडकते, लवकर खाली बसते. बारीक कण थेट फुप्फुसाच्या टोकाला जातो, काही रक्तातही उतरतात. त्यातून दमा बळावतो, हृदयविकाराचा धोका वाढतो. आपल्या देशात याची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती ५ सुचवली.

आता हा कण कशाचा? नवल वाटेल, पण त्यातली बरीच नावे खताच्या पोत्यावरची आहेत. कोळशातला गंधक जळून वायू होतो, हवेत त्याचे सल्फेट बनते. मोटारी व डिझेल इंजिनांच्या धुरातून नायट्रेट. या दोघांना जोडीदार लागतो अमोनिया, आणि तो मुख्यतः शेतीतून येतो: उघड्यावर फेकलेल्या युरियातून, गोठ्यातल्या शेणमुतातून. वायूला वायू भेटून अमोनियम सल्फेट तयार होते. तेच, जे आपण पैसे मोजून पोत्याने आणतो! पाचटाच्या धुरात काजळी, सेंद्रिय कार्बन आणि पालाश. हवेच्या नमुन्यात असा पालाश जास्त आढळला की पालापाचोळा, लाकूडफाटा जळाला असा शास्त्रज्ञांचा कयास असतो.

बरे, धूर आपल्या बांधावर थांबत नाही. थंडीत वारा बहुधा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. १९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये शास्त्रज्ञांनी विमाने व जहाजे घेऊन हिंदी महासागरावरची हवा तपासली, तेव्हा किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर धुरकट थर सापडला. सल्फेट, अमोनियम, काजळी, सगळे त्यात. नेमके आपल्या गळिताचे दिवस! पहाटे गार हवा खाली बसते, धूर वर उठत नाही, तो वेगळाच ताप.

केंद्राच्या २०१९ च्या स्वच्छ हवा कार्यक्रमात कोल्हापूर, सांगली ही नावे आहेत, रत्नागिरीचे नाही. सगळा दोष पाचटाचा नव्हे. रस्त्याची धूळ, वाहने, भट्ट्या आहेत, आणि खरे बोलायचे तर कारखान्याचा बगॅसवरचा बॉयलरही आहे. त्याची काळजी कारखान्याने घ्यायची. फड मात्र तुमच्या-माझ्या हातात.

तोडकरी म्हणतात, "पेटवा, लवकर उरकतो." त्यांची अडचण मी फडात उभा राहून पाहतो. पण जळिताच्या उसाचे वजन व साखर घटते, आणि एकरी तीन-चार टन पाचट राख होते. तोडणीनंतरही काडी लावू नका. खोडव्यात पाचट सरीत दाबा. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाका. त्याच दिवशी पाणी द्या, नाहीतर युरियातला नत्र अमोनिया होऊन उडतो. उसाचा डोसही फेकू नका, मातीआड करा.

पाचट कुट्टी यंत्र हवे असेल त्यांनी तोडणीआधी आठ दिवस चिटबॉयकडे किंवा गट ऑफिसात नाव द्यावे. ऐन वेळी आलात तर यंत्र दुसऱ्याच्या फडात असते, आणि मग शिव्या मला बसतात.