मोबदला कोणत्या भावाने?

रस्ता, धरण, बंदर किंवा नवे शहर उभारावयाचे म्हणजे जमीन लागणारच. आणि ती बहुधा कोणाच्या तरी नावावर असणार. एका खातेदाराने नकार दिला म्हणून सगळा कालवा अडून राहावा, असे कोणी म्हणणार नाही. म्हणूनच सार्वजनिक कामासाठी खाजगी जमीन सक्तीने घेण्याचा अधिकार जगातील बहुतेक शासनांनी स्वत:कडे ठेवला आहे. वाद या अधिकाराविषयी फारसा नाही. जमीन गेल्यावर मालकाच्या हाती काय पडावे, हा खरा वाद आहे.

भारतात १८९४ च्या भूसंपादन कायद्याने या प्रश्नाचे उत्तर सुमारे १२० वर्षे दिले. ते वरकरणी न्याय्य होते. कलम ४ ची अधिसूचना प्रसिद्ध झाली त्या दिवशीचा बाजारभाव, आणि सक्तीबद्दल त्यावर शेकडा १५ दिलासा रक्कम. १९८४ च्या दुरुस्तीने दिलासा शेकडा ३० वर नेला आणि निवाड्यास लागणाऱ्या विलंबाबद्दल दरसाल शेकडा १२ अशी जादा रक्कम देऊ केली. तरीही या कायद्याखाली जमीन गेलेला शेतकरी समाधानी असल्याचे क्वचितच आढळले. त्याचे कारण अधिकाऱ्यांच्या कृपणतेपेक्षा ‘बाजारभाव’ या शब्दातच अधिक दडलेले आहे.

बाजारभाव म्हणजे राजीखुशीने विकणारा आणि राजीखुशीने घेणारा यांच्यात ठरलेली किंमत. संपादनात जमीन गमावणारा मात्र विकावयास निघालेलाच नसतो. चालू भावाने त्याने ती आजवर विकली नाही, याचाच अर्थ त्याच्या लेखी तिचे मोल त्या भावाहून अधिक होते. दुसरी अडचण पुराव्याची. भाव ठरतो तो परिसरातील खरेदीखतांवरून. आणि मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी खरेदीखतात किंमत कमी दाखविण्याची रीत सर्वांनाच ठाऊक आहे. ज्याने जन्मात एक गुंठाही विकला नाही, त्याला इतरांच्या या लबाडीचा भुर्दंड भरावा लागतो.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची आहे. संपादित जमिनीचा ज्या कामासाठी उपयोग व्हावयाचा, त्या कामामुळे तिच्या किमतीत होणारी संभाव्य वाढ मोबदल्यात धरू नये, असे १८९४ च्या कायद्याचे कलम २४ स्पष्टपणे सांगत होते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात तथ्य आहे. ही वाढ मालकाच्या कष्टाने होत नाही, सार्वजनिक खर्चाने होते. तेव्हा ती समाजाकडे यावी, हे तत्त्व योग्यच. परंतु प्रत्यक्षात ती समाजाकडे येते काय? रस्त्याच्या रेषेत ज्याचे शेत आले, त्याला कालचा भाव मिळतो. रेषेपासून शंभर हात दूर असलेल्या शेजाऱ्याचे शेत मात्र त्याच रस्त्यामुळे सोन्याचे होते आणि ती सगळी वाढ त्याच्या पदरात पडते. त्याग एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, असा हा हिशेब आहे.

महाराष्ट्रात हा हिशेब सर्वांत ठळकपणे दिसला तो नवी मुंबईत. मुंबईवरील भार हलका करण्यासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातील सुमारे ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित करण्याचे ठरले. भातखाचरे आणि मिठागरे यांवर जगणाऱ्या या वस्तीला मोबदला मिळणार होता तो भातशेतीच्या भावाने. उभे राहणार होते ते महानगर. या विसंगतीतून असंतोष पेटला. शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले.

या बलिदानातून पुढे साडेबारा टक्के योजना आली. संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकास परत द्यावयाची, हे तिचे सूत्र. १९९० मध्ये तिला रूप आले आणि १९९४ मध्ये त्यात सुधारणा झाली. सार्वजनिक सोयींसाठी त्यातून पावणेचार टक्के वजा होतात आणि मालकाच्या हाती पावणेनऊ टक्केच उरतात, हे खरे. वाटपास इतका विलंब झाला की अनेकांनी भूखंड हाती येण्यापूर्वीच आपले हक्क बांधकाम व्यावसायिकांना विकून टाकले, हेही खरे. खाडीत मासेमारी करणाऱ्या पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कुटुंबांना या सूत्रात जागाच नव्हती. तथापि, मालकाला केवळ कालचा भाव न देता उद्याच्या वाढीतही वाटा द्यावा, हे तत्त्व शासनाने येथे मान्य केले. त्याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही.

१ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या २०१३ च्या कायद्याने जुन्या उणिवा बऱ्याच अंशी दूर केल्या. भाव ठरविताना मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांपैकी अधिक किमतीची निम्मी खतेच विचारात घेतली जातात. ग्रामीण भागात त्या भावाला दोनपर्यंतच्या गुणकाने गुणले जाते आणि वर शंभर टक्के दिलासा मिळतो. म्हणजे मोबदला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. त्या जमिनीवर तीन वर्षे राबलेली कुळे आणि शेतमजूर यांनाही कायद्याने बाधित कुटुंब मानले. प्रक्रियेच्या बाजूने २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्टता आणली. मालमत्तेचा हक्क ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर मूलभूत राहिला नसला, तरी कलम ३००-अ खाली नोटीस, सुनावणी, सकारण निर्णय आणि रास्त मोबदला यांना मालक पात्र आहे, असा तो निर्वाळा होता.

मात्र वाढीतील वाट्याच्या बाबतीत हा कायदा बिचकतच पुढे गेला आहे. नागरीकरणासाठी जमीन घेतल्यास विकसित जमिनीपैकी वीस टक्के जमीन मालकांना देऊ करावी, असे तो सांगतो. पण ती संपादन व विकास यांचा खर्च भरून घ्यावयाची. संपादित जमीन विकास न करताच दुसऱ्यास विकली, तर वाढलेल्या किमतीचे चाळीस टक्के मूळ मालकांना द्यावेत, असेही त्यात आहे. विकास करून विकली, तर मात्र नाही.

मोबदला वाढविला की सार्वजनिक कामे महागतील, असा आक्षेप घेतला जातो. परंतु कमी मोबदल्याने खर्च नाहीसा होत नाही. तो शेतकऱ्याच्या माथी जातो, एवढेच. आणि पुढे दावे, मोर्चे व रखडलेली कामे यांच्या रूपाने शासनाकडे परत येतो. विकासामुळे ज्यांच्या जमिनींचे भाव फुगतात, त्या शेजारच्या मालकांकडून सुधार आकार कसोशीने वसूल केला आणि त्यातून जमीन गमावणाऱ्यास वाटा दिला, तर तिजोरीवर भार न पडताही न्याय साधेल.

चौपट भाव हा मोठाच पल्ला आहे. पण तो कालच्या भावाची चौपट आहे. ज्याच्या शेतावर नवे शहर उभे राहते, त्याच्या नातवंडांना त्या शहरात हक्काचे घर मिळते की नाही, ही मोबदल्याची खरी कसोटी मानली पाहिजे.