जुना मराठी चित्रपट सर्वांसाठी खुला कधी होतो?

गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यासारख्या गावात गणेशोत्सवात पडदा लावून जुना मराठी चित्रपट दाखवायचं ठरलं, की परवानगीचा प्रश्न येतोच. कॉपीराइटची मुदत कशी मोजतात हे मंडळांना माहीत असायलाच हवं.

गैरसमज : दिग्दर्शकाच्या निधनानंतर ६० वर्षं मोजायची.
वस्तुस्थिती : १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता निर्माता असतो आणि मुदत प्रदर्शनाच्या वर्षावरून ठरते. पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. ‘जगाच्या पाठीवर’ १९६० चा, म्हणून त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० ला संपली. ‘पिंजरा’ १९७२ चा; तो २०३२ अखेरपर्यंत संरक्षित आहे.

गैरसमज : मुदत ५० वर्षांचीच आहे.
वस्तुस्थिती : पूर्वी होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले. १९९१ अखेरीस त्यांच्या साहित्याचे हक्क संपत आले, तेव्हा मुदत वाढवण्याची मागणी झाली. १९९२ च्या दुरुस्तीने ती ६० वर्षं झाली, चित्रपटांसाठीही.

गैरसमज : चित्रपट खुला झाला की गाणीही खुली.
वस्तुस्थिती : गीत आणि संगीत यांचे हक्क स्वतंत्र असतात आणि ते कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतात. ‘जगाच्या पाठीवर’चे गीतकार ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, संगीतकार सुधीर फडके २००२ मध्ये. म्हणून शब्द २०३७ अखेरपर्यंत आणि चाली २०६२ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. हे हक्क कुणी विकत घेतले, तरी ही मुदत बदलत नाही.

गैरसमज : देवाच्या कार्यक्रमात सगळं चालतं.
वस्तुस्थिती : खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणी गायला-वाजवायला कायद्याने सूट दिली आहे. त्या सुटीत चित्रपटाचा उल्लेखच नाही. मुदत शिल्लक असेल तर हक्कदाराची परवानगी घ्यावीच लागते. तिकीट नसलं तरीही.

गैरसमज : यूट्यूबवर आहे किंवा नोंदणी झालेली नाही, म्हणजे फुकट.
वस्तुस्थिती : कॉपीराइटला नोंदणीची अट नाही. इंटरनेटवर टाकल्यानेही हक्क संपत नाही.

मंडळाने चित्रपट निवडताना आधी प्रदर्शनाचं वर्ष पाहावं आणि त्यात ६० मिळवावेत. त्या वर्षाचा ३१ डिसेंबर उलटला असेल, तर चित्रपटाचा कॉपीराइट संपला. ऑर्केस्ट्रात त्यातली गाणी गायची असतील, तर गीतकार-संगीतकारांचा हिशेब वेगळा करावा. आपले चांगले जुने चित्रपट गावोगावी पुन्हा पाहिले जावेत, आणि ज्यांचा हक्क अजून शिल्लक आहे त्यांना त्यांचा मोबदलाही मिळावा.