पोटात गोळा आला तर…

परीक्षेच्या सकाळी तळहात घामेजतात, छाती धडधडते. मेंदूतला अमिग्डाला धोक्याची घंटा वाजवतो आणि ॲड्रेनलिन रक्तात उतरते; पेपर असो की वाघ, शरीराची तयारी तीच.

लगेच काय? श्वास घेतला त्याहून सावकाश सोडला, की ठोके मंदावू लागतात. ‘कसंतरी होतंय’ऐवजी भीती, राग की लाज, असे नेमके नाव दिले तर भावना हाताळणे सोपे जाते.

पुण्यात मदत हवी असल्यास : मानसशास्त्राचे अभ्यासक डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी स्थापली. सदाशिव पेठेतल्या या संस्थेचा मानसशास्त्र विभाग म्हणजे प्रज्ञा मानस संशोधिका.

फोन : मानसिक आरोग्याची हेल्पलाइन ‘टेली-मानस’, १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून. मोफत, चोवीस तास, मराठीतही. संकटातल्या मुलांसाठी १०९८.