मुंग्या नक्की कुठे?

गेल्या दिवाळीत चकल्या पाडताना सासूबाईंच्या हातून सोऱ्या निसटला. "काही नाही गं, हात जरा जड झालाय." मग हळूहळू कळलं, चार महिने रोज रात्री मुंग्यांनी जाग येत होती. उठून हात झटकायच्या आणि पुन्हा झोपायच्या. आम्हाला सांगितलं नाही, कारण त्या वरोऱ्याच्या. आनंदवन गावालगतच, बधिर बोटं त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. कुष्ठरोग औषधांनी बरा होतो हे त्यांनाही ठाऊक आहे, पण रात्री दोन वाजता ते आठवत नाही.

इथे ग्लासगोत जी.पी.कडे दुभाषी मीच. एके काळी मराठी शिकवणारी मी पहिल्याच वाक्यात 'अँट्स' म्हणून बसले! डॉक्टरबाई हसल्या. इथे टाचण्या आणि सुया टोचतात. नंतर वाचलं, की तिनेल या फ्रेंच डॉक्टरांनी १९१५ साली मज्जातंतूवर टिचकी मारून करायची तपासणी मांडली, तिच्या नावातला फ्रेंच शब्दही मुंगीवरूनच आलाय. बरं वाटलं.

"मुंग्या की बधिरपणा?" बाईंनी दोन्ही वेगवेगळं विचारलं. डोळे मिटायला लावून बोटाबोटाला कापूस लावला. त्वचेवर चट्टे नाहीत ना, तेही पाहिलं. मग कागदावर हाताचं चित्र देऊन म्हणाल्या, जिथे होतं तिथे रंगवा. सासूबाईंनी अंगठा, तर्जनी, मधलं बोट रंगवलं आणि अनामिका अर्धीच. करंगळी कोरी. मला वाटलं, रंगवायचा कंटाळा आला. पण निदान त्या अर्ध्या बोटातच होतं! मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाणारी नस नेमक्या एवढ्याच भागाची जाणीव पोचवते. करंगळीची नस वेगळी. कुष्ठरोगात बऱ्याचदा ती कोपरापाशी दुखावते.

शेवटी उलटा नमस्कार: तळहातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, बोटं खाली, एक मिनिट. मिनिट भरायच्या आत मुंग्या हजर. कार्पल टनेल. साखर आणि थायरॉइडसाठी रक्त घेतलं, रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला. अंगठ्याखालचा मांसल भाग बसू लागला किंवा बधिरपणा दिवसभर राहिला तर लगेच या, म्हणाल्या. मग छोटी शस्त्रक्रिया.

(एका बाजूचा हात अचानक बधिर होऊन तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर मात्र थांबायचं नाही, ९९९ लावायचा.)

बसमध्ये सासूबाईंनी हळूच विचारलं, "म्हणजे ते नाही ना?"

"नाही हो आई."

घरी येताच त्यांनी वरोऱ्याला बहिणीला फोन लावला. यंदा सोऱ्या मी फिरवतेय आणि काटे नीट येत नाहीत म्हणून बोलणी खातेय.