लोकसंख्या, उत्पन्न आणि आरोग्य : लिंबागणेश परिसराचा हिशेब

लिंबागणेश हे मांजरसुंबा–पाटोदा मार्गावरील, बालाघाटाच्या पठारावर वसलेले गाव. गणेशमंदिरामुळे ते दूरवर परिचित आहे. आमच्या बाह्यरुग्ण विभागास मात्र त्याची ओळख निराळ्या रीतीने होते. दिवाळीच्या सुमारास या परिसरातील तरुण स्त्री-पुरुष रुग्ण दिसेनासे होतात आणि चैत्र-वैशाखात एकदम परततात. ऊसतोडणीचा हंगाम हे त्याचे कारण. गावाची लोकसंख्या किती, या साध्या प्रश्नास येथे दोन उत्तरे संभवतात आणि रुग्णालयाचे नियोजन करताना हीच पहिली अडचण ठरते.

बीड जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये २१,६१,२५० होती. २०११ मध्ये ती २५,८५,०४९ झाली. परंतु ही गणना कशी होते, हे ध्यानात घ्यावयास हवे. २०११ ची प्रगणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. हा संपूर्ण काळ जी व्यक्ती घराबाहेर असेल, तिची नोंद घरच्या पत्त्यावर न करता ती असेल तेथे करावयाची, असा नियम होता. फेब्रुवारी म्हणजे गाळप हंगाम ऐन भरातला. नियमानुसार पाहता, पश्चिम महाराष्ट्रातील वा कर्नाटकातील फडावर असलेले आमच्याकडील जोडपे तेथील लोकसंख्येत मोजले जाते. आगामी जनगणनेचा संदर्भ दिनांकही १ मार्च २०२७ असाच ठरला आहे. आरोग्यसेवेचे बहुतेक निकष लोकसंख्येवर बेतलेले असल्याने हा केवळ आकड्यांचा खेळ नव्हे.

उत्पन्नाचेही तसेच आहे. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ होतो. हंगामापूर्वी मुकादमाकडून ‘उचल’ घ्यावयाची आणि ती टनामागे मिळणाऱ्या मजुरीतून फेडावयाची, ही रूढ पद्धत. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, हे स्वागतार्हच. तथापि उचल पुष्कळदा गाव सोडण्याआधीच जुने कर्ज, लग्नकार्य वा दवाखाना यांत खर्ची पडते. हातात पैसा दिसतो, पण तो वस्तुतः ऋण असतो. शिवाय कामावरचा दिवस चुकला की ‘खाडा’ धरला जातो आणि कोयत्याकडून त्याचा दंड वसूल होतो. म्हणून पोट दुखत असतानाही बाई मोळी उचलते. तपासणीस ती येते तेव्हा आजार बहुधा जुना झालेला असतो.

याच हिशेबाचे एक विदारक रूप २०१९ मध्ये उघड झाले. शासनाने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या माहितीनुसार, बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण सहांतील एक! पाळीचा त्रास हंगामात परवडत नाही, ही भावना आणि ‘पिशवी काढा, सुटाल’ हा अनाठायी सल्ला, दोन्ही यास कारणीभूत आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. अंगावरून पाणी जाणे, ओटीपोटात दुखणे यांवर प्रथम औषधोपचारच करावयाचे असतात. अकाली गर्भाशय, विशेषतः त्याबरोबर बीजकोशही, काढल्यास हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो.

जिल्ह्यातील सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण २००१ मध्ये दर हजार मुलांमागे ८९४ होते. २०११ मध्ये ते ८०७ पर्यंत घसरले, ते राज्यात सर्वांत कमी होते. कोयता जोडीनेच लागत असल्याने मुलींचे विवाहही लवकर उरकले जातात. घटत्या मुली आणि त्यांची अल्पवयीन मातृत्वे, दोन्ही आमच्या प्रसूतिकक्षात एकाच वेळी दिसतात.

या परिस्थितीत तपासणी शिबिरे हिवाळ्यात भरविण्यात अर्थ नाही. ती पोळा ते दसरा या दरम्यान, म्हणजे टोळ्या निघण्यापूर्वी, घ्यावी लागतात. गरोदर स्त्रीस तिचे तपासणीपत्र आणि क्षयरोग्यास पुढील औषधांची व्यवस्था प्रस्थानाआधीच हवी. मागे राहिलेली आजी नातवास लसीसाठी आणते, परंतु लसीकरणाचे कार्ड आईबरोबर फडावर गेलेले असते. म्हणून त्याची दुसरी प्रत घरी ठेवावी, अशी आमची सर्व कुटुंबांस विनंती आहे.