हार्ड डिस्क बंद पडली तर? आधी काय करायचं आणि नंतर काय करायचं नाही



मार्च-एप्रिल आला की शाळेच्या लॅपटॉपवर किती भार येतो हे आपण जाणतोच. संकलित मूल्यमापनाचे गुण, वर्णनात्मक नोंदी, निकालपत्रकं, पोषण आहाराचा हिशोब, स्नेहसंमेलनाचे फोटो, सगळं एकाच यंत्रात. सरकारी पोर्टलवर भरलेली माहिती निदान तिकडच्या सर्व्हरवर तरी राहते. पण आपण रात्री जागून बनवलेल्या स्वाध्यायपत्रिका, मुलांच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या कविता, जुने फोटो, हे दुसरीकडे कुठेच नसतं.

आमच्या भागातल्या एका शाळेचा लॅपटॉप ऐन निकालाच्या आठवड्यात सुरू होईना. दुरुस्तीवाल्याने ‘फॉरमॅट मारून’ नवीन विंडोज टाकून दिलं. लॅपटॉप झकास चालू झाला. गुण उत्तरपत्रिकांवरून पुन्हा भरता आले, पण सात वर्षांचे फोटो गेले. खरं म्हणजे त्या लॅपटॉपची हार्ड डिस्क बिघडलेलीच नव्हती, बिघडलं होतं ते विंडोज. म्हणजे माहिती बिघाडाने गेली नाही, दुरुस्तीने गेली. हे असं का होतं ते नीट समजून घेऊ.

आपण फळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी लिहून त्याखाली ‘पुसू नये’ असं लिहितो ना? कॉम्प्युटरमध्ये फाईल डिलीट केली की फक्त तो ‘पुसू नये’ शेरा निघतो. मजकूर फळ्यावर तसाच असतो. पुढच्या तासाला कुणी तिथे गणित लिहिलं, की मग मात्र तो खरोखर जातो. जलद फॉरमॅटचंही असंच आहे. ते पुस्तकाची अनुक्रमणिका फाडतं, पानं शिल्लक ठेवतं. (पूर्ण फॉरमॅट वेगळं. विंडोजच्या व्हिस्टा आवृत्तीपासून पूर्ण फॉरमॅट सगळ्या पानांवर शून्यं लिहून काढतं. त्यानंतर काही उरत नाही.)

म्हणून फाईल चुकून डिलीट झाली असेल तर पहिला नियम एकच: त्या डिस्कवर नवीन काहीही लिहू नका. माहिती परत मिळवायचं सॉफ्टवेअरसुद्धा त्याच डिस्कवर डाउनलोड करायचं नाही! डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची आणि सापडलेल्या फाईली तिसऱ्याच जागी साठवायच्या. ‘फोटोरेक’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर यासाठी चांगलं आहे. ते अनुक्रमणिका बघतच नाही, थेट पानं चाळतं आणि फोटोची खूण दिसली की उचलतं. त्यामुळे फाईलींची मूळ नावं मात्र परत येत नाहीत. हजार फोटो आकड्यांच्या नावाने मिळतात आणि मग निवडत बसावं लागतं. तेवढं चालतं की.

दुसरा प्रकार खऱ्या बिघाडाचा. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे या वेगाने फिरतात. वाचणारं टोक त्यांना टेकत नाही, काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. आपला केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करा. लॅपटॉप टेबलावरून पडला, टोक तबकडीला घासलं, की ‘टक्... टक्...’ असा आवाज येऊ लागतो. हा आवाज आला की ताबडतोब बंद करायचं. ‘बघू, एकदा अजून चालू करून’ असं करत प्रत्येक वेळी आपण तबकडी आणखी खरवडत असतो. इथे सॉफ्टवेअर चालवायचं नाही, आणि उघडून बघायचं तर मुळीच नाही. धुळीचा एक कणसुद्धा पुरतो. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला अजून फिरतो. त्याने आत दव धरतं, दुसरं काही होत नाही. अशी डिस्क धूळमुक्त खोली असलेल्या प्रयोगशाळेतच द्यावी लागते आणि खर्च हजारांच्या घरात जातो. आतला ऐवज तेवढ्या मोलाचा आहे का, हे आधी शांतपणे ठरवावं.

अशा प्रयोगशाळा काय करू शकतात याचं एक उदाहरण वर्गातही सांगण्यासारखं आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान पृथ्वीवर परतताना टेक्सासच्या आकाशात तुटलं. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्यू पावले. त्या अवशेषांत एका प्रयोगाची ४०० एमबीची हार्ड डिस्क काही महिन्यांनी सापडली, जळून काळवंडलेली. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी तबकड्या स्वच्छ करून दुसऱ्या सांगाड्यात बसवल्या आणि जवळपास ९९ टक्के माहिती परत मिळवली. झेनॉन वायूवरच्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. हे जमलं कारण डिस्क अर्धीच भरलेली होती, आणि खराब झालेल्या भागात माहिती लिहिलेलीच नव्हती. आगीतून आणि आकाशातून पडलेली डिस्क वाचते, आणि टेबलावरची धडधाकट डिस्क वर पुन्हा लिहिल्याने कायमची कोरी होते!

नव्या लॅपटॉपमध्ये मात्र एसएसडी असते. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे पडण्याची भीती कमी. पण डिलीट केलेल्या जागा ती स्वतःच मागच्या मागे साफ करून ठेवते. म्हणजे ‘पुसू नये’ काढलं की शिपाईमामा लगेच फळा पुसून मोकळे. तिथून परत मिळण्याची आशा फार धरू नये. बॅकअपची गरज नव्या यंत्रांत वाढलीच आहे, असं माझं मत.

बॅकअपसाठी अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांचा ३-२-१ नियम सोपा आहे: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या जागी. शाळेपुरतं म्हणाल तर एक प्रत लॅपटॉपमध्ये, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक गूगल ड्राइव्हवर. बाहेरची डिस्क दर शनिवारी जोडायची, कॉपी करायची आणि काढून कपाटात ठेवायची. कायम जोडून ठेवली तर व्हायरस दोन्हीकडचं एकदम खातो, वीज कडाडली तरी दोन्ही एकदम जातात. तिच्यात मुलांचे आधार क्रमांक असतील तर पासवर्ड लावा आणि दुरुस्तीला कुणाच्याही हाती देऊ नका.

पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक, साठवायला नाही. व्हॉट्सअॅप गटावर टाकलेले फोटो म्हणजे बॅकअप, हा समज तर सगळ्यात जास्त दिसतो. पण तिथे फोटो लहान होऊन जातात. गूगल ड्राइव्ह लॅपटॉपच्या फोल्डरशी जोडलेलं असेल तर लॅपटॉपवर डिलीट केलेलं तिकडूनही जातं आणि तिथल्या कचरापेटीत तीसच दिवस राहतं.

आणि घेतलेला बॅकअप अधूनमधून उघडून बघा. ‘टॉय स्टोरी २’ हा सिनेमा आपल्या मुलांनी पाहिलेला असेल. १९९८ मध्ये तो तयार होत असताना एका चुकीच्या आज्ञेने बहुतेक फाईली डिलीट झाल्या आणि बॅकअप उघडला तर तो नीट चालतच नव्हता. बाळंतपणामुळे घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती, तिच्यावरून सिनेमा सावरला. आपल्यासाठी दर सत्राला दुसऱ्या लॅपटॉपवर चार-दोन फाईली उघडून पाहणं पुरे.

शेवटचा मुद्दा बदलीचा. शाळेचं गूगल खातं बहुतेकदा एखाद्या गुरुजींच्या किंवा बाईंच्या मोबाईल नंबरवर काढलेलं असतं. त्यांची बदली झाली, नंबर बदलला, की तिसरी प्रत कुलपात आणि किल्ली दुसऱ्या तालुक्यात. शिवाय दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल बंद करून आतलं सगळं काढून टाकू शकतं. म्हणून कार्यभार देता-घेताना दप्तराच्या यादीत दोन ओळी वाढवा: बाहेरची हार्ड डिस्क एक, आणि खात्याचा पासवर्ड बंद पाकिटात, मुख्याध्यापकांकडे.